डाव्या घोट्याची थाप

बस रे, बस. तुझ्या गाडीचं इंजिन थंड व्हायला अर्धा तास तरी जाईल, आणि बाहेर वारा असा सुटलाय की कान गळून पडायचे. तो स्टूल ओढ शेगडीजवळ. मी आपला हा जोडा शिवतो, आणि शिवता शिवता तुला एक गोष्ट सांगतो. जिलाँगकडेच चाललायस म्हणालास ना? मग तर सांगायलाच पाहिजे. प्रेमाची आहे. हसू नकोस! चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या म्हणजे माणसाला प्रेमातलं काही कळत नाही, असं थोडंच आहे? आणि ही गोष्ट दोघांनी मला इतक्या वेळा सांगितलीय... एक सांगायला लागला की दुसरी त्याच्या चुका काढते... की आता कुठलं वाक्य कुणाचं, ते मला पाठ झालंय.

तर यास्ना नावाची पोरगी. जिलाँगची. बाप स्टिपे, तिकडून क्रोएशियातून तरुणपणी आलेला, तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात घालवलेला. कारखाना बंद पडला, म्हाताऱ्याच्या हातातली कानस काही सुटली नाही. पोरगी दहा वर्षांची असल्यापासून तिला शेजारी उभी करून सांगायचा, "डोळ्यानं नको बघूस, अंगठ्यानं बघ. डोळा खोटं बोलतो, अंगठा नाही बोलत."

ही यास्ना मोठी होऊन कामाला लागली ती हाडांच्या कारखान्यात. लोकरीच्या जुन्या गोदामांमागं आहे बघ, पांढऱ्या दाराचा. तिथं हाडं छापतात. अरे, खरंच. धातूची पूड असते, काजळासारखी बारीक. मशीन तिचा केसाहून पातळ थर पसरतं, किरणानं हवा तेवढाच भाग वितळवतं, वर दुसरा थर, मग तिसरा... असं रात्रंदिवस चाललं की पुडीत पुरलेलं हाड तयार! ज्याचं त्याच्या मापाचं. कुणाचा जबडा, कुणाची बरगडी. पण मशीनमधून निघतं तेव्हा ते अगदी खरबरीत. त्याला आधाराच्या बारीक काड्या चिकटलेल्या. त्या चिमट्यानं तोडायच्या, कानशीनं घासायच्या, आणि सांध्यात फिरणारी बाजू आरशासारखी लखलखीत करायची. ते काम यास्नाचं. आणि तिथला नियम एकच, पण कडक. हाडावर नंबर असतो, नाव नसतं. हाड कुणाचं ते विचारायचं नाही, आणि कळलंच तर त्या माणसाशी त्याबद्दल अवाक्षर बोलायचं नाही.

सात वर्षं तिनं तो नियम पाळला. मग एका शुक्रवारी ती डॉटबाईच्या बेकरीत सॉसेज रोल आणायला गेली.

बाहेर झिमझिम पाऊस, खाडीवरून येणारा बोचरा वारा, बेकरीची फरशी ओली. पुढं एक गडी कुबड्यांवर उभा. उजव्या पायात गुडघ्यापर्यंत प्लॅस्टिकचा मोठा बूट. तो वळला, कुबडीचं टोक सटकलं, आणि तो असा काही झुकला की यास्नानं पळत जाऊन त्याच्या काखेत खांदाच घातला. ओल्या लोकरीचा वास आला. त्याच्या हनुवटीवरचं पावसाचं पाणी तिच्या कपाळावर पडलं. दोघंही क्षणभर तसेच.

"पडलो नाही ना मी?" तो म्हणाला.

"नाही."

"मग खाली काय शोधताय?"

"तुमचा डावा बूट... बाहेरच्या कडेनं पार झिजलाय."

"अहो बाई, दुखरा पाय उजवा आहे. त्याला एवढा मोठा डबा बांधलाय. तो सोडून तुम्हाला डावा दिसला?"

"जे झिजतं ते मला आधी दिसतं."

"बाकीच्या मुली आधी माझे डोळे बघतात."

"आणि मग?"

"मग... त्यांना घरून फोन येतो आणि त्या निघून जातात."

यास्नाला हसू फुटलं. डॉटबाई आतून ओरडली, "ए, जे काय करायचंय ते टेबलावर बसून करा! दार उघडं राहिलंय, माझा पाव फुगायचा नाही!"

म्हणून ते एका टेबलाला बसले. नाहीतर बसले नसते, असं यास्ना अजून म्हणते. क्लेम म्हणतो, बसलेच असते.

हो, क्लेम. क्लेम रॅफर्टी. आमच्या इकडचाच, कोलरेनच्या डोंगराकडचा. मेंढ्या कातरणारा. कातरणी त्याच्या हातात मीच दिली, तेव्हा सोळा वर्षांचा होता. गेल्या वर्षी चार चाकी फटफटी उतारावर उलटली आणि त्याच्या उजव्या घोट्याचा चुरा झाला. जोडला डॉक्टरांनी, पण आतल्या हाडाला रक्तच पोचेना. हाड मेलं.

"मेलंय ते," क्लेम तिला म्हणाला, लॅमिंग्टन केकवरचा खोबऱ्याचा कीस बोटानं टिपत. "आत एक मेलेलं हाड घेऊन फिरतोय मी. आता दोनच वाटा. एक तर घोटा खिळे मारून बंद करायचा. दुखणार नाही, पण वाकणारही नाही. खुंटा! नाहीतर धातूचं नवं हाड छापून बसवायचं."

यास्नाच्या हातातला कप जागच्या जागी थांबला. अशी हाडं छापणारा गावात दुसरा कारखाना नव्हता.

"आणि तुम्ही काय करता?" त्यानं विचारलं.

"धातूचं काम."

"म्हणजे?"

"घासते."

"काय घासता?"

"जे खरबरीत असेल ते."

"असं? मग पुढच्या शुक्रवारी बहिणीच्या नवऱ्याचा स्वभाव घेऊन येतो."

तपासण्या चालू होत्या तोवर तो जिलाँगमध्ये थोरल्या बहिणीकडंच राहत होता. आणि पुढच्या शुक्रवारी तो खरंच आला. स्वभाव न घेता. डॉटबाईनं न विचारता कोपऱ्यातलं टेबल पुसून ठेवलेलं.

त्या दिवशी यास्ना म्हणाली, "कातरायचं काम तर हातानं करायचं असतं. मग घोटा खुंट झाला म्हणून काय बिघडलं?"

क्लेमनं तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनं विचारलं की पोहायला पाणी कशाला लागतं. "हातानं? अहो, कातरणं हा पायांचा खेळ आहे! हात फक्त कातरणी धरतात. डॉट, ती मैद्याची गोणी दे इकडं."

"कशाला?"

"मेंढी पाहिजे."

आणि भर दुपारी, चार गिऱ्हाइकांसमोर, त्यानं यास्नाला उभं केलं. गोणी तिच्या पायांशी. स्वतः खुर्चीत बसून कुबडीनं तिचे पाय सरकवत होता. "मेंढीला ढुंगणावर बसवा. पाठ तुमच्या गुडघ्यांना टेकवा. हां. आता डावा पाय इथं... उजवा मागं... टाच उचला, वजन पंजावर. बघा, पाय फिरला की मेंढी आपोआप वळते. ओढायचं नाही. ओढलं की ती घाबरते. पायांनी सांगायचं तिला, हळूच, की बाई गं, आता या कुशीवर."

"आणि तिनं ऐकलं नाही तर?"

"ऐकते. आपले पाय शांत असले की ऐकते."

"मग माझी मेंढी का पडली?"

"तुमचे पाय... थरथरतायत."

यास्नाचे कान लाल झाले. कपड्यांवर मैदा, केसांत मैदा. डॉटबाई म्हणाली, "गोणी फाडलीत तर दोघांनाही कातरीन."

तिसऱ्या शुक्रवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं, कुणी केलं ते कुणालाच आठवत नाही. चौथ्या शुक्रवारी त्यानं तिच्या बोटांवरचे कानशीचे चरे मोजले. एक, दोन, तीन... सातव्यावर थांबला आणि बोट सोडायचं विसरला. आणि यास्ना प्रत्येक वेळी घरी जाताना मनाशी म्हणायची, सांगून टाकावं का? पण नियम. आणि अजून नंबर आलाही नव्हता. कदाचित येणारही नाही.

आला.

पाचव्या शुक्रवारी सकाळी तिच्या कामाच्या पाटावर एक हाड आलं. उजव्या घोट्याचं, पुरुषाचं, शस्त्रक्रिया मंगळवारी. कागदावर तेवढंच. तिनं काड्या तोडल्या, कानस फिरवली, आणि सवयीनं अंगठा फिरवला. अंगठा अडला. पुन्हा फिरवला. हाडाची मान जराशी पिळलेली, आणि वरच्या गोलाईला बाहेरच्या कडेकडं उतार. किती? ज्वारीच्या दाण्याएवढासुद्धा नाही. पण घोट्याची शंभर हाडं तिच्या अंगठ्याखालून गेलेली. असा उतार जन्मजात नसतो. असा उतार पडतो.

आणि तिच्या डोळ्यांसमोर तो बूट आला. डावा. बाहेरच्या कडेनं झिजलेला.

ती हाड घेऊन क्वांगकडं गेली. क्वांग म्हणजे संगणकावर हाडाचा आकार काढणारा. भला माणूस, मान खाली घालून काम करणारा.

"क्वांग, हे कसं काढलंस?"

"नेहमीसारखं. उजवं हाड तर कोसळलेलं, आकारच उरला नव्हता. मग डाव्या चांगल्या घोट्याचा स्कॅन घेतला, आरशात उलटा केला, झालं उजवं."

"आणि डावा चांगला नसेल तर?"

क्वांगनं कागद काढून दाखवला. त्यावर लिहिलेलं, 'दुसऱ्या पायाला पूर्वी इजा? — नाही.' खाली सही, पण नाव झाकलेलं. "थोडा तिरका आहे, दिसलं मला. पण माणसांची हाडं थोडी वाकडी असतातच, यास्ना."

ती वरच्या बाईंकडं गेली, पेनरोजबाईंकडं. पेनरोजबाईंनी तिचं ऐकून घेतलं, ताबडतोब डॉक्टर मॅकॉलींना फोन लावला, डॉक्टरांनी पेशंटला लावला. अर्ध्या तासात उत्तर आलं. पेशंट म्हणतो, डाव्या पायाला कधीच काही झालेलं नाही. ठणठणीत आहे.

"झालं समाधान?" पेनरोजबाई म्हणाल्या.

आता तुला सांगतो, आमच्या डोंगराकडच्या माणसांच्या तोंडून दोन गोष्टी निघत नाहीत. एक, 'दुखतंय.' आणि दुसरी, 'उपकार झाले.' झाड अंगावर पडलं तरी म्हणणार, काही नाही, जरा ओझं वाटतंय. जन्मतःच तशी जीभ घेऊन येतो आम्ही. हे यास्नाला माहीत नव्हतं. पण तिला एवढं माहीत होतं की बूट खोटं बोलत नाही.

साडेबारा वाजले. शुक्रवार होता. ती बेकरीत गेली तेव्हा क्लेम आधीच बसलेला. आज दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. दोन लॅमिंग्टन मांडून ठेवलेले.

"ये ये! मंगळवारी ठरलं बघ. मंगळवारी नवं हाड. आणि दोन महिन्यांनी मी तुला खऱ्या मेंढीवर—"

"तुझ्या डाव्या पायाला काय झालं होतं?"

तो हसला. "तुला माझे डोळे कधी दिसणार आहेत?"

"क्लेम."

"काही नाही झालं. जुना बूट आहे."

"डॉक्टरांनी आज सकाळी विचारलं ना तुला?"

त्याचं हसू जागेवरच थबकलं. "...ते तुला कसं माहीत?"

बाहेर पाऊस काचेवरून ओघळत होता. एका बाजूला सात वर्षांचा नियम, हातातली नोकरी. दुसऱ्या बाजूला समोर बसलेला हा इस्त्रीचा शर्ट. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले, चऱ्यांसकट.

"कारण ते हाड माझ्या पाटावर आहे," ती म्हणाली. "मी तुला हे सांगायला नको. पण मीच घासतेय ते. आणि ते तुझं उजवं हाड नाही, क्लेम. ते तुझं डावं आहे, आरशातलं. डाव्यात जो वाकडेपणा असेल तो सगळा जसाच्या तसा उजव्यात बसणार. तू कागदावर थाप मारलीस, आणि आम्ही ती थाप धातूत छापली. माझ्या हातात आहे ती. चकाकी द्यायची तेवढी राहिलीय."

तो लॅमिंग्टनचा चुरा बोटानं गोळा करत राहिला... एका रेषेत.

"बारा वर्षांचा होतो," शेवटी म्हणाला. "घोडं पडलं अंगावर. कातरणीचे दिवस, बाप कातरायच्या शेडवर, आईच्या कुशीत दीड महिन्याची बहीण. कुणाला सांगणार? चिंधी बांधली, बूट आवळला, सहा आठवडे तसाच चाललो. बसला आपोआप."

"वाकडा बसला."

"...वाकडा बसला."

"मग आता का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर डॉक्टर म्हणाल्या असत्या, अरे, याचे तर दोन्ही गेलेत! याला कशाला नवं हाड? मारा खिळे, करा बंद. यास्ना, मला दुसरं काही येत नाही गं. शाळेत मी खिडकीतून मेंढ्या मोजायचो. शेडमध्ये उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, शाबास. पाय गेले की मी... मग मी कोण?"

"डावा दुखतो का?"

"नाय."

"क्लेम."

त्यानं खिडकीकडं बघितलं, डॉटबाईकडं बघितलं, छताकडं बघितलं. आणि मग, एकोणीस वर्षांनी, आमच्या त्या गड्यानं तोंड उघडलं.

"दुखतो," तो म्हणाला. "रोज सकाळी. पहिली दहा पावलं."

यास्नानं त्याच्या हातावर हात ठेवला. डॉटबाई गल्ल्यामागं उगाचच पाव मोजायला लागली.

"फोन लाव डॉक्टरांना," यास्ना म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर माझी मेंढी पडली होती तेव्हा तू काय म्हणालास? पाय शांत ठेव. लाव फोन."

लावला. पलीकडून डॉक्टर मॅकॉली काय बोलल्या ते यास्नाला ऐकू येत नव्हतं. क्लेमचा चेहरा तेवढा दिसत होता. आधी पांढरा, मग गोंधळलेला, मग... "बरं," तो म्हणाला. "हो. हो, बाई. पुन्हा नाही." त्यानं फोन खाली ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"आधी पाच मिनिटं शिव्या दिल्या. डॉक्टरांना इतक्या येतात हे मला माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, मंगळवार रद्द. फटफटी उलटली त्या दिवशीचा पहिला स्कॅन आहे त्यांच्याकडं. तुकडे झालेले, पण तेव्हा हाड जिवंत होतं. त्या तुकड्यांवरनं पुन्हा आकार काढतील. आणि म्हणाल्या, डावा वाकडा आहे म्हणून तर उजवा धड पाहिजे, गाढवा."

"गाढवा म्हणाल्या?"

"गाढवा मी लावलं. त्यांनी जे म्हटलं ते बाईमाणसासमोर सांगण्यासारखं नाही."

कारखान्यात परतल्यावर यास्नानं पेनरोजबाईंना स्वतःच सगळं सांगितलं. बाईंनी तिच्या हातात ताकीद दिली, कागदावर, सहीशिक्क्यानिशी. नियम तो नियम. ती दारापर्यंत गेली तेव्हा मागून म्हणाल्या, "आणि यास्ना... इथून पुढं हाडाबद्दल शंका आली की तुझ्या अंगठ्याचं म्हणणंही कागदावर लिहीत जाऊ. आपल्याकडं त्याला रकाना नव्हता."

क्वांगनं चार दिवस जागेवरून हलायचं नाव घेतलं नाही. फुटलेलं मडकं जोडावं तसे त्यानं त्या स्कॅनमधले तुकडे संगणकावर एकेक करून जोडले. मशीन पुन्हा चाललं. आणि दुसरं हाड यास्नाच्या पाटावर आलं, तेव्हा तिच्यानं कानस उचलवेना.

त्या संध्याकाळी तिनं बापाला सांगितलं, "बाबा, हे मी दुसऱ्या कुणाला देते. नंबर असतो तोवर ठीक. आता त्याला चेहरा आहे. माझा हात थरथरतो."

स्टिपे कोबीच्या पानात खिमा गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "तीस वर्षं मी मोटारींची दारं घासली. कोण बसणार आहे आत, कधी कळलं नाही. तुला कळलंय. केवढं नशीब! हात थरथरतो तर थरथरू दे. कानस नको थरथरायला. मनगट पाटाला टेकव." मग जरा थांबून, "गोलात नाचतो का तो?"

"बाबा, त्याचा घोटा मेलाय!"

"म्हणून तर विचारतोय. नीट घास. लग्नात कोलो नाचायला लागेल त्याला, हात धरून, गोल. सगळ्या नातेवाइकांसमोर. लंगडला तर तुझ्या आत्या दहा वर्षं बोलतील."

"लग्नाचं कोण बोललंय?"

"मी बोललोय. कोबी आण अजून."

दुसऱ्या दिवशी तिनं मनगट टेकवलं आणि घासलं. अंगठा फिरवला. कुठंच अडला नाही. आरशासारख्या गोलाईत तिला स्वतःचा चेहरा दिसला, चिमुकला. तिनं तो पुसला नाही, तसाच डब्यात बंद केला, आणि नंबर लिहून पाठवून दिला.

हाड बसलं. क्लेम आधी बिछान्यावर, मग कुबड्यांवर, मग एका काठीवर. सहा महिने गेले. आणि एका दुपारी कारखान्याच्या पांढऱ्या दारातून हे ध्यान आत आलं. काठीशिवाय, आणि खांद्यावर अख्खी लोकर, नुकतीच कातरलेली, एकसंध, तुपकट, मेंढीच्या वासाची!

पेनरोजबाई किंचाळल्याच. "लोकर बाहेर! बाहेर!! इथं धुळीचा कण चालत नाही आणि तुम्ही मेंढी घेऊन आलात?"

"मेंढी नाही बाई, मेंढीचा कोट." तो दारातच घुटमळला. आत क्वांग, पुडी चाळणारी मावशी, मशीनवाला, सगळे काचेमागून बघत होते. क्लेमनं टोपी काढली. "ही... म्हणजे... पहिली मेंढी. पाय बदलल्यावर कातरलेली. म्हटलं, तुमची आहे. तुम्हा सगळ्यांची. मला बोलता येत नाही. पण..." टोपी फिरवत राहिला, फिरवत राहिला. "उपकार झाले. फार उपकार झाले."

काचेमागं क्वांगनं चष्मा काढून पुसला. पेनरोजबाई म्हणाल्या, "ती लोकर माझ्या गाडीत ठेवा. आणि अंग झटका. बाहेर."

बाहेर यास्ना भिंतीला टेकून उभी होती, जेवायच्या सुट्टीत. शुक्रवारच होता. दोघं चालत बेकरीत गेले. चालत, ऐकतोयस ना? ती त्याच्या पायांकडं बघत होती. टाच, पंजा... टाच, पंजा... उजवा सरळ. डावा अजून बाहेरच्या कडेनं, पण आता न लपवता.

टेबलावर बसल्यावर त्यानं खिशातून एक वस्तू काढली आणि लॅमिंग्टनच्या बशीत ठेवली. पांढऱ्या प्लॅस्टिकचं घोट्याचं हाड. ते पहिलं, चुकीचं. धातूचं मोडीत गेलं होतं, पण प्लॅस्टिकचा नमुना डॉक्टरांकडं राहिला होता, तो मागून आणलेला. त्याला लोकरीच्या धाग्यानं एक अंगठी बांधलेली.

"हे काय?" यास्नानं विचारलं.

"माझी थाप. तुझ्याकडं ठेव. पुन्हा कधी म्हणालो ना, काही झालं नाही, ठणठणीत आहे, की ही माझ्यासमोर आपट."

"आणि अंगठी?"

"ती थाप नाही."

यास्नानं हाड उचललं. अंगठा फिरवला. त्याच्या बारा वर्षांच्या पायावर पडलेलं घोडं, ती चिंधी, ते सहा आठवडे, सगळं त्या उतारावर लागत होतं. मग तिनं मान वर केली आणि पहिल्यांदा, अगदी सावकाश, त्याचे डोळे बघितले.

"करडे आहेत," ती म्हणाली.

"एवढ्या महिन्यांनी!"

"बरे आहेत."

"बरे? बस्स?"

"पाय जास्त बरे आहेत." आणि तिनं धागा दातानं तोडला आणि अंगठी बोटात घातली. डॉटबाईनं मैद्याच्या हातांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळी बेकरी पांढरी झाली.

...झालं. इंजिन थंड झालं असेल तुझं. आणि माझाही शेवटचा टाका आला बघ. हे मऊ जोडे. कातरताना आम्ही हेच घालतो, मोकळे, टाच नसलेले. ही जोडी क्लेमची. उजवा नेहमीसारखा शिवलाय. डाव्याच्या आत बाहेरच्या बाजूला चामड्याची एक पट्टी जास्त लावलीय, म्हणजे त्या पहिल्या दहा पावलांना आधार होईल. उद्या शनिवारी लग्न आहे त्यांचं. म्हातारा स्टिपे त्याला गोलात नाचवल्याशिवाय सोडायचा नाही, आणि क्लेम म्हणतो, नाचेन तर याच जोड्यांत नाचेन.

मी जाणारच आहे लग्नाला. नवा कोट काढून ठेवलाय. पण यास्ना समोर आली की माझी जीभ टाळ्याला चिकटेल, मला माहीत आहे. मीही याच डोंगराचा. माझ्या शेडमधला सगळ्यात चांगला गडी तिनं मला परत दिला, त्याला 'दुखतंय' म्हणायला शिकवलं, आणि मी मात्र सहा महिने तिच्याशी फक्त हवापाण्यावर बोलतोय.

तर एवढं माझं काम कर. जिलाँगला पोचलास की डॉटबाईच्या बेकरीत जा, आज शुक्रवार आहे, साडेबाराला ती तिथंच असेल. ही जोडी तिच्या हातात दे. आणि तिनं अंगठा फिरवून बघितला, ती बघणारच, की तिला सांग... कोलरेनचा म्हातारा म्हणाला, उपकार झाले. माझ्या वतीनं तू म्हण. म्हणशील ना?